प्लेग, पिसवा आणि एक व्याख्यान

‘उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे प्लेगचा प्रसार होतो.’ पाठ्यपुस्तकात ही माहिती एका ओळीत संपते. मुले ती पाठ करतात, जोड्या लावताना प्लेगसमोर पिसू लिहितात आणि एक गुण मिळवतात. रबाळ्यात काही शिक्षकांशी गप्पा मारत बसलो असताना एका बाईंनी आम्हाला त्यांच्या वर्गात आलेला प्रश्न सांगितला. सातवीतल्या एका मुलाने विचारले होते, “पण बाई, हे कळलं कसं? पिसू चावताना कोणी पाहिली होती का?” बाई म्हणाल्या, “मी त्याला ‘शास्त्रज्ञांनी शोधलं’ एवढंच सांगू शकले. त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं तर माझंही.”

ते उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. ठाणे-वाशी रेल्वेमार्गावर रबाळ्यापासून तिसरे स्थानक तुर्भे. तिथे धान्याचा मोठा घाऊक बाजार आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तो मुंबईतून नव्या मुंबईत आला. त्याआधी हा व्यापार मशीद बंदर आणि मांडवी भागातल्या गोदामांमधून चाले. याच मांडवीत १८९६ साली मुंबईच्या प्लेगची सुरुवात झाली. रबाळे तेव्हा खाडीपलीकडचे लहानसे गाव होते. आजच्या कारखान्यांच्या जागी त्या पट्ट्यात भातशेती आणि मिठागरे होती.

मांडवीतला सप्टेंबर

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांना मांडवी भागात तापाचे काही विचित्र रुग्ण दिसले. खूप ताप, ग्लानी आणि जांघेत किंवा काखेत सुजलेली गाठ. व्हिएगस मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. हा ग्रंथिक प्लेग आहे असे निदान त्यांनी जाहीरपणे मांडले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ आली होती आणि तिथे अलेक्झांडर येर्सिनने प्लेगचा जंतू शोधला होता. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यात जहाजांची ये-जा होतीच. रोग बहुधा त्याच वाटेने आला.

ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. जंतू माहीत होता, लसही हाताशी येत होती. मात्र जंतू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो कसा, हे कोणालाच माहीत नव्हते.

माहिती नसली तरी कारवाई थांबत नाही. घरांवर आणि गटारांवर कार्बोलिक आम्लाचे फवारे मारले गेले. कपडे, अंथरुणे जाळली गेली. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून त्यांच्या काखा-जांघा तपासल्या गेल्या. आजारी माणसाला रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना वेगळ्या छावणीत नेले गेले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि या सगळ्याला कायद्याचे बळ मिळाले. पुण्यात सैनिकांनी घराघरांत शिरून तपासणी केली. त्याविरुद्धचा संताप २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्यांत प्रकट झाला, हे आपण इतिहासात शिकवतोच. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा प्लेगनेच मृत्यू झाला.

या सगळ्या उपायांमागे एक समज होता. प्लेगचे विष माणसाकडून माणसाकडे, किंवा घाणीतून, जमिनीतून, कपड्यांतून येते असा तो समज. तो पूर्णपणे निराधार होता असे नाही, कारण गरीब, दाटीच्या वस्त्यांतच रोग जास्त होता. मात्र नेमके बोट ठेवायचे तिथे ते ठेवले जात नव्हते. फवाऱ्याने घरातले उंदीर शेजारच्या घरात पळत, आणि रोगही त्यांच्याबरोबर पुढे सरके.

गावोगावच्या लोकांना मात्र एक गोष्ट ठाऊक होती. घरात उंदीर मरून पडू लागले की पाठोपाठ माणसे मरतात. ‘उंदीर पडले’ म्हटले की लोक घरदार सोडून रानात झोपड्या बांधून राहत. त्यांना कारण सांगता येत नव्हते, पण त्यांचा उपाय बरोबर होता.

कराचीचा प्रयोग

येर्सिननंतर पॅरिसच्या पाश्चर संस्थेने पॉल-लुई सिमाँ या डॉक्टरांना हिंदुस्थानात पाठवले. सिमाँनी रुग्ण नीट पाहिले. काही रुग्णांच्या पायावर बारीक फोड असत आणि त्या फोडांतल्या पाण्यात प्लेगचे जंतू सापडत. फोडाची जागा एखादा कीटक चावावा तशी दिसे. आणखी एक बाब त्यांच्या लक्षात आली. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारे लोक आजारी पडतात, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर तेवढा धोक्याचा नसतो. असे का असावे? शरीर थंड पडले की पिसवा ते सोडून जातात, हे आठवले म्हणजे कोडे सुटते.

जून १८९८ मध्ये कराचीत सिमाँनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत अंगावर पिसवा असलेला, प्लेगने आजारी उंदीर ठेवला. त्याच बरणीत वर एका जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ शकत नव्हता, पण जाळीतून पिसू जाऊ शकत होती. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी वरचा उंदीरही प्लेगने मेला. अंगावर पिसवा नसलेला आजारी उंदीर घेऊन असाच प्रयोग केला, तेव्हा निरोगी उंदराला काही झाले नाही.

सिमाँचा लेख त्याच वर्षी फ्रेंच नियतकालिकात छापून आला. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळाले असे आपल्याला वाटेल. पण त्या काळातल्या बहुतेक तज्ज्ञांनी ते मान्य केले नाही. सरकारने नेमलेला प्लेग आयोग १८९८-९९ मध्ये देशभर फिरला. एडिंबरा विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रेझर त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने असंख्य साक्षी घेतल्या, जाडजूड खंड छापले आणि पिसवांची कल्पना बाजूला सारली. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायावरील जखमांतून जमिनीवरचा जंतू शरीरात शिरतो, असे मत त्यांना अधिक पटले.

‘उंदराची पिसू’ म्हणजे कोणती?

आयोगाचे सदस्य मूर्ख होते किंवा हट्टी होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्या बाजूनेही विचार करून पाहू. सिमाँचे प्रयोग मोजके होते. युरोपात दुसऱ्यांनी तसेच प्रयोग केले तेव्हा ते फसले. स्वित्झर्लंडमध्ये गॅली-व्हॅलेरिओ यांनी उंदरांच्या पिसवा माणसाला चावतात का ते पाहिले. त्या चावल्या नाहीत. उंदराची पिसू माणसाला चावतच नसेल तर ती रोग कसा देणार? युक्तिवाद बिनतोड वाटतो.

त्यातली गोम शब्दात होती. ‘उंदराची पिसू’ या एका नावाखाली अनेक जाती येतात. युरोपातल्या उंदरांवर सहसा आढळणारी जात वेगळी आणि मुंबई-कराचीच्या उंदरांवरची जात वेगळी. युरोपातली जात माणसाला सहसा चावत नाही. आपल्याकडची मात्र उंदीर मिळाला नाही तर माणसावर खुशाल पोट भरते. या दुसऱ्या जातीचे शास्त्रीय वर्णन चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी १९०३ साली केले. नमुने सुदानमधले होते, म्हणून इजिप्तच्या पिरॅमिडवाल्या चिऑप्स राजावरून तिला ‘चिऑपिस’ हे नाव मिळाले. आज ती ‘झेनोप्सिला चिऑपिस’ म्हणून ओळखली जाते.

म्हणजे हा वाद केवळ डॉक्टरांनी सुटणारा नव्हता. पिसूच्या डोळ्यासमोरचे केस आणि डोक्यावरचे काटे भिंगाखाली पाहून जात ओळखणारा माणूस हवा होता, आणि तो प्लेग जिथे आहे तिथेच हवा होता.

भायखळ्याचे गिनीपिग आणि एक चाळ

असा माणूस मुंबईत होता. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन नावाचे तरुण लष्करी डॉक्टर काम करत होते. हाफकिन यांनी १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात नेलेली ही प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

१९०३ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेतील प्राणिसंग्रहालयात गिनीपिग मरू लागले. लिस्टननी तपासले तेव्हा ते प्लेगने मेल्याचे दिसले. त्यांच्या अंगावर ज्या पिसवा सापडल्या त्या उंदरांवरच्या जातीच्या होत्या. निरोगी गिनीपिगच्या अंगावर एरवी त्या आढळत नाहीत. उंदीर मेले की उपाशी पिसवा मिळेल त्या प्राण्यावर जातात, हे यावरून दिसले.

मग माणसांवरही जातात का? त्याच वर्षी एका चाळीत आधी उंदीर मेले आणि मग माणसे आजारी पडू लागली. पिसवांनी हैराण झालेले भाडेकरू खोल्या सोडून व्हरांड्यात झोपत होते. लिस्टननी त्यांच्या अंगावरच्या पिसवा गोळा केल्या. एरवी माणसाच्या अंगावर उंदराची पिसू क्वचितच सापडते. या चाळीत मात्र पकडलेल्या पिसवांपैकी जवळजवळ निम्म्या उंदरांच्या होत्या.

यातून त्यांना एक युक्ती सुचली. प्लेग झालेल्या घरात गिनीपिग मोकळा सोडायचा. खोलीभर विखुरलेल्या पिसवा त्याच्या अंगावर गोळा होतात. मग त्याला पकडून पिसवा मोजायच्या आणि त्यांची जात पाहायची. असे काही गिनीपिग पुढे प्लेगने मेले. गिनीपिग हाच पिसवांचा सापळा झाला.

व्याख्यान कोणासमोर?

१९०४ सालच्या अखेरीस लिस्टननी हे सगळे एका व्याख्यानात मांडले. विषय होता ‘प्लेग, उंदीर आणि पिसवा’. हे व्याख्यान त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे निसर्ग-इतिहासाच्या अभ्यासकांच्या सभेत दिले. पुढच्या वर्षी ते संस्थेच्या नियतकालिकात छापले गेले.

ही संस्था १८८३ साली आठ जणांनी स्थापन केली होती. त्यांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. तिच्या सभांना पक्षी, साप, फुलपाखरे यांत रस असलेले नाना व्यवसायांचे लोक येत. सभासद आपापले नमुने आणत, दाखवत, त्यावर चर्चा होई. विद्यापीठांत ज्याला आपण सेमिनार किंवा परिसंवाद म्हणतो, त्याचेच हे एक मोकळे रूप.

या श्रोत्यांपुढे बोलण्याचे महत्त्व आपण ओळखले पाहिजे. ‘कोणत्या जातीची पिसू?’ हा प्रश्न या श्रोत्यांना क्षुल्लक वाटणारा नव्हता. त्यांचा तो रोजचाच प्रश्न होता. सुदानमधून लंडनला गेलेल्या पिसवांचे वर्णन, फ्रेंच डॉक्टरने कराचीत केलेला प्रयोग, स्वित्झर्लंडमधला फसलेला प्रयोग आणि मुंबईच्या चाळीतली मोजदाद हे चार ठिकाणचे तुकडे तोवर विखुरलेले होते. एकाने फ्रेंचमध्ये लिहिले होते, दुसऱ्याने कीटकशास्त्राच्या पत्रिकेत, तिसऱ्याच्या वहीत आकडे होते. वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी एकत्र बसून एकमेकांचे ऐकल्याशिवाय असे तुकडे जुळत नाहीत.

परळमधले पिंजरे

पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, इंग्लंडमधील रॉयल सोसायटी व लिस्टर संस्था आणि हिंदुस्थान सरकारचे कार्यालय यांनी मिळून नवे संशोधन मंडळ नेमले. लिस्टनही त्यात होते. आधीचा आयोग फिरून साक्षी घेत होता. हे मंडळ परळमध्ये ठाण मांडून प्रयोग करू लागले. मंडळाबरोबर काम करणाऱ्यांत हिंदी डॉक्टरही होते.

त्यांचे काही प्रयोग इतके सुबक आहेत की ते वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगता येतात. पिसवा असलेल्या, प्लेगग्रस्त जागेत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. एक जमिनीवर, एक जमिनीपासून दोन इंचांवर, एक दोन फुटांवर. जमिनीवरच्या आणि दोन इंचांवरच्या पिंजऱ्यांतले प्राणी आजारी पडले, दोन फुटांवरचे वाचले. रोग हवेतून येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडला असता? पिसूला मात्र उडी मारून तेवढ्या उंचीवर पोचता येत नाही.

दुसऱ्या प्रयोगात पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा सहा इंच रुंद पट्टा ठेवला. पट्टा ओलांडू पाहणाऱ्या पिसवा त्यावर चिकटल्या आणि आतला प्राणी वाचला. तिसऱ्या प्रयोगात आजारी आणि निरोगी गिनीपिग एकाच जागी कोंडून, एकमेकांच्या अन्नात, घाणीत राहू दिले, पण पिसवा ठेवल्या नाहीत. रोग पसरला नाही. पिसवा सोडल्या तेव्हा पसरला.

प्रयोगशाळेबाहेर शहरातले उंदीर गोळा केले जात होते. एका वर्षात लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. उंदीर कुठे सापडला त्याची नोंद असे, त्यामुळे नकाशावर साथ सरकताना दिसे. शीव, वडाळा, परळ आणि वरळी ही तेव्हा गावेच होती, त्यांचा वेगळा अभ्यास झाला. त्यातून एक क्रम हाती आला. आधी गटारांतले मोठे तपकिरी उंदीर मरतात. सुमारे दहा दिवसांनी घरातले काळे उंदीर. त्यानंतर आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसे. ‘उंदीर पडले की घर सोडा’ या लोकांच्या अनुभवाला आता दिवसांचा हिशोब मिळाला.

मंडळाचे अहवाल १९०६ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि वाद मिटत गेला. एक प्रश्न उरला होता: पिसू चावते तेव्हा जंतू रक्तात शिरतो कसा? १९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन यांनी तो सोडवला. पिसूच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो. ती कितीही रक्त शोषू लागली तरी ते आत जात नाही. भुकेने ती पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेले रक्त जंतूंसह उलट जखमेत जाते.

उशिराची किंमत

सिमाँच्या लेखापासून मंडळाच्या अहवालांपर्यंत आठ-नऊ वर्षे गेली. या काळात साथ थांबलेली नव्हती. १९०७ या एकाच वर्षात देशात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली. १८९६ पासूनच्या दोन दशकांत हा आकडा सुमारे एक कोटीपर्यंत पोचला. पिसवांची गोष्ट १८९८ सालीच सर्वांना पटली असती तर हे सगळे वाचले असते असे म्हणता येणार नाही. पिसवा मारणारी प्रभावी कीटकनाशके आणि प्लेग बरा करणारी औषधे तेव्हा नव्हतीच. पण माणसांना छावण्यांत कोंडण्याऐवजी, घरांची मोडतोड करण्याऐवजी उंदीर पडलेली घरे वेळीच रिकामी करण्यावर आणि धान्य उंदरांपासून दूर ठेवण्यावर जोर देता आला असता. सरकार आणि लोक यांच्यातले वैर तरी कमी झाले असते.

आपण यातून पुढे आलो आहोत का? ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घरांत पिसवा फार झाल्याची आणि उंदीर मेल्याची तक्रार आली आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. मांडवीतल्या गोष्टीचीच ही पुनरावृत्ती, फरक इतका की आता अर्थ माहीत होता आणि औषधे होती. २०२० साली करोनाच्या साथीत १८९७ चा तोच साथरोग कायदा पुन्हा वापरला गेला. त्या वर्षी मे महिन्यात नव्या मुंबईचा घाऊक बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. आपण सगळ्यांनी भाज्या धुतल्या, दुधाच्या पिशव्या पुसल्या, रस्त्यांवर जंतुनाशकाचे फवारे मारले. हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे, बंद जागेतल्या हवेतून पसरतो हे पुढे स्पष्ट होत गेले. खिडक्या उघड्या ठेवण्याचे महत्त्व उशिराच पटले. कार्बोलिक आम्लाच्या फवाऱ्यांना हसण्याआधी आपण हे आठवावे.

फरकही आहे, आणि तो मोठा आहे. सिमाँचा लेख एका भाषेत, एका नियतकालिकात अडकला होता. २०२० मध्ये एका देशातले निष्कर्ष काही दिवसांत दुसऱ्या देशातल्या विद्यापीठांच्या चर्चेत येत होते, तपासले जात होते, खोडले जात होते. चुका झाल्या, पण त्या सापडायला आठ-नऊ वर्षे लागली नाहीत.

वर्गात काय करता येईल?

रबाळ्याच्या त्या बाईंना आम्ही ही गोष्ट सांगितली. त्यांनी पुढे काय केले ते ऐकून आम्हाला आनंद झाला. त्यांनी वर्गाचे चार गट केले. एक गट सिमाँचा, एक फ्रेझर आयोगाचा, एक स्वित्झर्लंडच्या गॅली-व्हॅलेरिओंचा आणि एक लिस्टनचा. प्रत्येक गटाला फक्त आपली माहिती दिली. मग सगळ्यांना एकत्र बसवले आणि विचारले, “आता सांगा, प्लेग कशाने पसरतो?” सुरुवातीला आयोगाचा गट जिंकत होता. ‘युरोपातल्या पिसवा चावत नाहीत’ यावर सगळे अडले. शेवटी लिस्टनच्या गटातल्या एका मुलीने विचारले, “पण तुमची पिसू आणि आमची पिसू एकच आहे का?”

प्रश्न विचारणारा तो सातवीतला मुलगा आयोगाच्या गटात होता. बाई सांगत होत्या की तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “आम्ही हे विचारलंच नव्हतं.” पाठ्यपुस्तकातले वाक्य त्याला आता समजले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या वर्गात हा खेळ करून पाहा. प्लेगऐवजी हिवताप घ्या, पटकी घ्या किंवा पावसाळ्यात आपल्याकडे दिसणारा लेप्टोस्पायरोसिस घ्या. त्यातही उंदीर आहेच, पण पिसू नाही. उंदराच्या मूत्राने दूषित झालेले साचलेले पाणी आहे. उंदीर तोच असला तरी वाट वेगळी कशी, आणि ती वाट ओळखायची तर कोणते पिंजरे कुठे ठेवायला हवेत, हे मुलांनाच सुचवू द्या.